नीताताईंचे मिस्टर

नीताच्या बसमध्ये श्रीधर निमकर पहिल्यांदा चढला तेव्हा त्याला जागा मिळाली ती मागून दुसऱ्या रांगेत, खिडकीपासून लांब. पुढच्या जागा गुडघे दुखणाऱ्यांना, त्यामागच्या गाडी लागणाऱ्यांना, असा नीताचा शिरस्ता होता आणि नवऱ्यासाठी तिने तो मोडला नाही. "अहो, तुम्ही मागे बसाल ना?" एवढंच तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कुणाची तरी पिशवी ठेवून द्यायला खाली उतरली.

२०१६ सालचा जुलै होता. शनिवारी सकाळी सात वाजता र्युसेल्सहाइमच्या स्टेशनासमोर ती छोटी पांढरी बस उभी होती. आत श्रीधर धरून अठरा प्रवासी, सगळे मराठी, बहुतेक साठीच्या पुढचे. कुणी मुलाकडे, कुणी लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले. आधी ऱ्हाईनच्या काठाने, जिथे दोन्ही बाजूंचे डोंगर नदीला चिमटीत धरतात तिथून पुढे. दुपारी हुन्सर्युकच्या डोंगरातली एक अरुंद घळ पायी पार करायची. आणि संध्याकाळी वर पठारावर लॅव्हेंडरची शेतं. असा दिवसभराचा कार्यक्रम. गेली तीन वर्षं उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी नीता ही सहल नेत होती. श्रीधर एकदाही आला नव्हता. आज तो "मलाही ती घळ बघायचीय" असं सांगून आला होता. खरं तर त्याला योखेन बघायचा होता.

योखेन म्हणजे बसचा ड्रायव्हर. दोन वर्षं श्रीधर ते नाव ऐकत होता. योखेनने आज दुसराच रस्ता दाखवला. योखेन म्हणतो यंदा फुलं आठवडाभर लवकर येणार. योखेनच्या आईने चेरीचा मुरंबा पाठवलाय. श्रीधरने मनात एक उंचापुरा, करड्या दाढीचा, मोकळा हसणारा माणूस उभा केला होता. प्रत्यक्षातला योखेन साठीला टेकलेला, ढेरपोट्या आणि अबोल निघाला. त्याने श्रीधरचा हात हातात घेऊन "मोर्गन" म्हटलं आणि परत आरसे पुसायला लागला. श्रीधरला बरं वाटायला हवं होतं. पण बस सुटली, नीताने माईक हातात घेतला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपलं दुखणं योखेन नव्हताच.

ते दुखणं जुनं होतं. चिंचवडची नोकरी सोडून श्रीधर २००४ मध्ये इथल्या मोटारींच्या कंपनीत आला तेव्हा नीता एकोणतीस वर्षांची होती. तळेगावच्या शाळेत भूगोल शिकवायची, वर्गात शिरली की पोरं गप्प व्हायची. इथे आल्यावर तीच गप्प झाली. बेकरीत पाव मागायचा तर बोटाने दाखवायची. घरी येणारं प्रत्येक पाकीट न उघडता टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळी श्रीधर आला की त्याच्यापुढे सरकवायची. तो चहा पिता पिता एकेक पत्र उघडायचा. हे आन्मेल्डुंगचं, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद. हे हाउसफेरवाल्टुंगकडून, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्यांकडून, जिना झाडायची पाळी आपली. पुढच्या वर्षी मैथिली झाली तेव्हा डॉक्टरांशीही तोच बोलला. त्याचं जर्मन कामचलाऊच होतं, ऑफिसात सगळं इंग्लिशमध्ये चालायचं. पण घरात त्याच्याहून जास्त कुणालाच येत नव्हतं, आणि तेवढं त्याला पुरत होतं. "तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं हो," असं नीता म्हणायची. ते ऐकायला त्याला फार आवडायचं, हे त्याने कधी कबूल केलं नसतं.

मग मैथिली किंडरगार्टनला जायला लागली आणि नीता खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केस्लर यांच्याबरोबर फिरायला. म्हातारीला सोबत हवी होती आणि हिला भाषा. माइन नदीच्या काठाने दोघी रोज तासभर चालायच्या. फ्राउ केस्लर झाडांची, पक्ष्यांची, ढगांची नावं सांगायच्या आणि चुकलं की रस्त्यात थांबून पुन्हा म्हणायला लावायच्या. पुढे संध्याकाळचे वर्ग, परीक्षा, अजून परीक्षा. श्रीधरच्या एका सहकाऱ्याचे आईवडील मुलाच्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंती बघत बसतात हे कळल्यावर नीताने त्यांना आणि आणखी दोघांना घेऊन ट्रेनने ऱ्हाईन दाखवून आणली. पुढच्या महिन्यात नऊ जण झाले. मग माइंट्झच्या एका लहानशा बस कंपनीने तिला विचारलं.

याच काळात श्रीधरच्या ऑफिसात कारखान्यातली जुनी माणसं त्याच्या विभागात आली आणि मीटिंगा जर्मनमध्ये व्हायला लागल्या. तो "गेनाऊ", "या, आल्झो", बरोबर, हो तर, असं म्हणत मान हलवायचा आणि बाहेर येऊन कुणालातरी ठरलं काय ते विचारायचा. त्याच्या हाताखाली शिकलेला, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान रुपेश त्याचा टीम लीड झाला. त्याच वर्षी फ्रांकफुर्टच्या गणपतीत एका अनोळखी गृहस्थाने त्याचा हात आनंदाने धरला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही नीताताईंचे मिस्टर का?"

श्रीधरने हो म्हटलं. प्रसादाचा मोदक हातात तसाच धरून तो बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला.

तिथपासून त्याला नीताचं सगळंच खुपायला लागलं. तिचा फोन वाजला की, ती फोनवर हसली की, तिच्या सहलीचा फोटो गावच्या वर्तमानपत्रात आला की. तो फोटो मैथिलीने फ्रिजवर लावला. श्रीधर म्हणाला, "किती धुरकट छापलाय." अकरा वर्षांची पोर, मराठी सगळं समजायची पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. तिने वळून विचारलं, "बिस्ट डू नाइडिश, पापा?" तुला हेवा वाटतोय का? नीताने तिला दटावलं. श्रीधरने ऐकलंच नाही असं केलं.

आणि आता तो तिच्या बसमध्ये मागून दुसऱ्या रांगेत बसला होता.

त्याच्या शेजारी नागेशराव होते. कोल्हापूरला पाटबंधारे खात्यात जन्म काढलेले, सत्तरीचे, गप्पिष्ट. बिंगेनच्या पुढे बस नदीकाठाला लागली, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि माथ्यावर पडके किल्ले दिसायला लागले, तरी नागेशराव खिडकीबाहेर कमी आणि पुढे उभ्या असलेल्या नीताकडे जास्त बघत होते.

"काय बाई आहे हो तुमची!" ते म्हणाले. "परवा फोन केला मला. म्हटलं सहलीची वेळ सांगत असेल. तर विचारते, काका, बूट कुठले घालणार? तळ दाखवा. व्हिडिओवर बुटाचा तळ बघितला तिनं! माझा मुलगा आठ दिवसांत माझ्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं ही अर्ध्या तासात बोलली. नशीबवान आहात."

"हो," श्रीधर म्हणाला.

नीता माईकवर बोलत होती. घरात ती इतक्या मोठ्याने बोलत नसे. घरात ती हातही असे हलवत नसे. नदी कशी लाखो वर्षं खडक कापत गेली हे सांगताना तिने दोन्ही तळहात एकमेकांवर घासले आणि बसमधल्या चार-पाच बायकांनी नकळत तसंच केलं. समोर लोरेलाईचा कडा आला.

"हा जो कडा दिसतोय तो नदीपासून साधारण एकशे तीस मीटर उंच आहे," ती म्हणाली.

"एकशे बत्तीस," श्रीधर मागून ओरडला. फोनमध्ये बघून.

सगळ्यांनी माना वळवल्या. नीता हसली. "हे आमचे हे. इंजिनियर आहेत. दोन मीटरसुद्धा सोडत नाहीत बघा!"

बस खदखदून हसली. नागेशरावांनी त्याच्या मांडीवर थाप मारली. श्रीधरही हसला, पण त्याचे कान तापले होते. आमचे हे. सगळ्या बसपुढे तो एक गंमत होऊन बसला होता. पुढचा अर्धा तास तो फोनमध्ये बघत राहिला, आणि ती जे जे सांगेल ते चुकीचं निघावं असं त्याला वाटत राहिलं. काहीच चुकीचं निघालं नाही.

दुपारी डोंगर चढून बस एका जुन्या पाणचक्कीजवळ थांबली. झाडाखालच्या लाकडी बाकांवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. कुणाला लसूण चालत नाही, कुणाची रक्तदाबाची गोळी जेवणाआधी, कुणाची नंतर, हे नीताला तोंडपाठ होतं. श्रीधरला तिने कागदी बशीत दशमी दिली ती इतरांना दिली तशीच, त्याच हसण्यासह. सगळ्यांना वाटलेलं ते हसणं त्याला बशीसकट परत करावंसं वाटलं.

जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना गोल उभं केलं. "आता नीट ऐका. घळ दोन किलोमीटरची आहे. ओढ्याकाठची वाट, कुठे लाकडी पूल, कुठे भिंतीला लोखंडी दोर. दोर सोडायचा नाही. अर्ध्यावर दोन वाटा फुटतात. सरळ खाली जाणारी वाट घ्यायची नाही, तिकडचा पूल पावसाने गेलाय. आपण डावीकडे वर चढायचं. योखेन बस घेऊन पलीकडच्या तोंडाशी येईल." मग ती श्रीधरजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, तुम्ही शेवटी राहाल? नागेशकाका आणि कुसुममावशी हळू चालतात. त्यांच्यामागे कुणीतरी भरवशाचं हवंय."

भरवशाचं हा शब्द त्याने ऐकला नाही. त्याने ऐकलं ते फक्त ‘शेवटी’.

घळ सुंदर होती, हे त्यालाही नाकारता आलं नाही. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या काळ्या भिंती, मध्ये हाताने झाकता येईल इतकं अरुंद आकाश, आणि पायाखाली ओढ्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. नाशिकच्या कुसुममावशी एका हाताने लोखंडी दोर आणि एका हाताने साडी धरून चालत होत्या. नागेशराव दर वीस पावलांवर थांबून पाण्याची उंची, वेग, कुठे बांध घालता येईल हे सांगत होते. पुढची माणसं वळणाआड गेली. नीताचा लाल स्कार्फ दिसेनासा झाला.

दोन वाटा फुटतात तिथे ते तिघे पोचले तेव्हा पुढचं कुणीच दिसत नव्हतं. डावीकडे दगडी पायऱ्या उभ्या चढत गेल्या होत्या. सरळ वाट ओढ्याकाठाने आरामात खाली उतरत होती. तिच्या तोंडाशी लाल-पांढरी फीत बांधलेली होती, एका बाजूने सुटलेली, आणि खांबावर प्लास्टिकमध्ये घातलेला जर्मन कागद होता. पाच-सहा ओळींचा.

नागेशरावांनी पायऱ्यांकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. "अरे बापरे. हे चढायचं?"

श्रीधरला नीताचं बोलणं आठवत होतं, शब्दन् शब्द. पण त्याला हेही दिसलं की सरळ वाटेने गेलं तर आपण तिघे सगळ्यांच्या आधी पलीकडे पोचू. नीता धापा टाकत माणसं घेऊन उतरेल तेव्हा आपण बसच्या सावलीत नागेशरावांना पाणी देत असू. तिला विचारता येईल, काय गं, म्हाताऱ्या माणसांना उगीच चढवलंस? कागदावर काय लिहिलंय ते वाचायला त्याने मानही वळवली नाही. वाचलं असतं तर बहुतेक कळलं असतं.

"इकडून जवळ आहे," तो म्हणाला. "मी नकाशात बघितलंय."

"पण नीताताई म्हणाल्या होत्या ना, की..." कुसुममावशी म्हणाल्या.

"ती सगळ्यांना एकच सांगते हो. तुम्ही चला माझ्यामागे."

दहा मिनिटं सगळं छान होतं. मग वाट वळली आणि पूल असायला हवा होता तिथे दोन्ही काठांवर नुसते खांब होते. ओढा फार रुंद नव्हता. मधे मोठे दगड होते. परत फिरू, असं कुसुममावशी म्हणत होत्या. श्रीधरला परत फिरायचं नव्हतं. तो दगडांवरून पलीकडे गेला आणि हात पुढे करून म्हणाला, "या नागेशराव, चार तर पावलं आहेत."

तिसऱ्या दगडावर नागेशराव घसरले. बुटाचा तळ चांगला होता, पण दगडच हलला. ते कमरेपर्यंत पाण्यात बसले आणि पाय दोन दगडांच्या मध्ये पिळवटला. ओरडले नाहीत, फक्त "अगं आई" म्हणाले, पण त्यांचा चेहरा पांढरा झालेला श्रीधरला दिसला. त्याने पाण्यात उडी टाकली. कुसुममावशींनी साडी खोचली आणि त्याही उतरल्या. दोघांनी मिळून त्यांना काठावर आणलं. घोटा बघता बघता सुजत चालला होता. श्रीधरने फोन काढला. नेटवर्क नव्हतं. तो "नीता" म्हणून ओरडला, तर ओढ्याने ते दोन हातांवर गिळून टाकलं.

पाऊण तास ते तिथे बसले. नागेशराव थंडीने कुडकुडत होते. कुसुममावशींनी आपली शाल त्यांना दिली आणि श्रीधरकडे एकदाही बघितलं नाही.

नीता आली ती धावत. पलीकडे पोचल्यावर तिने माणसं मोजली होती आणि पंधरा भरली होती. ती आली, एका नजरेत तिने सगळं बघितलं: नसलेला पूल, सुजलेला घोटा, भिजलेला नवरा. नवऱ्याला ओलांडून ती पुढे गेली. नागेशरावांच्या शेजारी बसली, त्यांचा बूट हळूच उतरवला आणि विचारलं, "काका, बोटं हलतात का? हलवा बघू. बरं, आणि मला सांगा, कोल्हापुरात आता पाऊस कितीय? पंचगंगा पात्राबाहेर आली का?"

"आली असेल," नागेशराव दातांत दात आपटत म्हणाले. "राजाराम बंधारा पाण्याखाली गेला म्हणून सकाळीच फोन होता." आणि बोलता बोलता तिने लाल स्कार्फ सोडून त्यांचा घोटा बांधूनसुद्धा टाकला.

मग ती श्रीधरकडे वळली. "यांना पायऱ्यांवरून नेता येणार नाही. या बाजूने वर जंगलातला कच्चा रस्ता आहे, तिथवर गाडी येते. तुम्ही चढून वर जा. कड्यावर नेटवर्क मिळतं. योखेनला फोन करा आणि कुठे यायचं ते सांगा. हा नंबर." मग म्हणाली, "त्याला इंग्लिश येत नाही."

श्रीधर चढला. झाडांची मुळं धरत, दोनदा गुडघ्यावर पडत. वर पोचला तेव्हा छाती फुटते की काय असं झालं होतं. फोन लागला. "हालो?" पलीकडून आवाज आला, आणि श्रीधरच्या डोक्यातलं बारा वर्षांचं सगळं जर्मन पुसून गेलं.

"वेर इस्ट डा?" योखेनने विचारलं. कोण बोलतंय?

"नीताज मान," श्रीधर म्हणाला. नीताचा नवरा. दुसरं काही सुचलंच नाही.

पुढची पाच मिनिटं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं होती. म्हातारा माणूस. पाय खराब. पूल नाही. वर रस्ता, झाडं, एक लाकडी बाक, बाकावर आकडा. क्रियापदं कुठेही पडत होती. योखेन मध्ये बोलला नाही, हसला नाही. फक्त प्रत्येक वाक्यानंतर तेच वाक्य नीट करून परत म्हणत राहिला, बरोबर समजलं ना हे बघायला. शेवटी म्हणाला, बाकाचा आकडा पुन्हा सांगा, त्यावरून वनखात्याला जागा सापडेल. श्रीधरने सांगितला. पंचवीस मिनिटांत योखेन वनखात्याच्या माणसाला आणि त्याच्या जीपला घेऊन हजर झाला. योखेन, तो माणूस आणि श्रीधर अशा तिघांनी मिळून नागेशरावांना उचलून वर आणलं.

गावातल्या डॉक्टरांनी पाय तपासला. मोडलेला नव्हता, मुरगळला होता. पट्टी, गोळ्या, आणि आठवडाभर टेकवायचा नाही. नागेशरावांच्या मुलाला नीतानेच फोन केला. तो यायला निघाला तर नागेशरावांनी फोन हिसकावून घेतला: "अजिबात येऊ नकोस. मला लॅव्हेंडर बघायचंय. तसाच परत जायला आलोय का मी?"

त्यामुळे बस पठारावर पोचली ती फार उशिरा, ऊन तिरपं झाल्यावर. जांभळ्या रांगा उतारावरून पार जंगलापर्यंत गेलेल्या, त्यांवर मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव. शेताची मालकीण, उन्हाने रापलेली एक बाई, दारातच नीताच्या गळ्यात पडली. तेल काढायचा तांब्याचा हंडा दाखवायला ती सगळ्यांना शेडमध्ये बोलावून पुढे गेली. नागेशराव बसच्या दाराशी खुर्चीवर बसले, पाय खोक्यावर. भोवती जमलेल्या मंडळींना ते सांगत होते, "माझीच घाई हो. मीच म्हटलं सरळ जाऊ. श्रीधररावांनी बिचाऱ्यांनी ओढून काढलं मला."

श्रीधर तिथेच उभा होता. कुसुममावशींनी नजर दुसरीकडे वळवली. गप्प बसलं असतं तर भागत होतं. नागेशराव त्याला सोडवत होते, तेही इतक्या सहज, की त्या सहजतेनेच त्याला जास्त लागलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नेलं त्यांना. नीताने सांगितलं होतं तरी नेलं."

मंडळी एकेक करून शेडकडे निघून गेली. नागेशराव म्हणाले, "बरं बरं, असू द्या," आणि फुलांकडे बघत बसले.

नीता शेताच्या कडेला एकटीच उभी होती. पाठमोरी. दिवसभरात पहिल्यांदाच तिचे खांदे पडलेले दिसत होते. श्रीधर तिच्याजवळ गेला.

"फीत बांधलेली होती ना?" तिने न वळता विचारलं.

"होती."

"कागद होता."

"होता. मी वाचला नाही."

"वाचता येतो तुम्हाला तेवढा."

"येतो."

"मग का?" आता ती वळली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा होता. "ते डोक्यावर पडले असते तर? मी त्यांच्या मुलाला काय तोंड दाखवलं असतं? का केलंत असं?"

त्याने कडेच्या झुडपाची एक काडी मोडून बोटांत चुरली. शेवटी म्हणाला, "मला तुझा हेवा वाटतो. गेली दोन-तीन वर्षं. सकाळी उठल्यापासून."

त्याला वाटलं ती चिडेल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, "तुम्हाला आठवतं, आपण नवीन आलो तेव्हा मी रोज सकाळी खिडकीत उभी राहायचे? तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत?"

आठवत होतं. कितीतरी लोकांना त्याने ते कौतुकाने सांगितलं होतं.

"तुम्हाला वाटायचं मी प्रेमाने बघतेय. मी तुमच्या गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डाकडे बघायचे. तुमचं नाव, तुमचा फोटो. तुम्ही कुठेतरी जायचात, आणि कुणीतरी तुमची वाट बघत असायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तुमचं कार्ड मी वॉशिंग मशीनमध्ये टाकलं होतं. मुद्दाम."

श्रीधरला ते कार्ड आठवलं. खिशात राहिलं म्हणून तो स्वतःलाच दोष देत आला होता.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?" ती म्हणाली. मग स्कार्फ नसलेल्या गळ्यावरून हात फिरवून तिने डोळे पुसले. "हे माफ झालं असं समजू नका. मला आज तुमचा फार राग आलाय आणि तो बरेच दिवस राहणार आहे. चला, माणसं खोळंबलीत."

राग खरंच बरेच दिवस राहिला. सोमवारी तिने कंपनीला झालेल्या प्रकाराची माहिती दिली आणि गट आपल्या जबाबदारीवर होता असं स्वतःच्या नावावर लिहिलं. पुढच्या दोन सहली तिच्याकडून काढून घेतल्या गेल्या. ते पत्र तिने टेबलावर ठेवलं, उघडलेलं. श्रीधरने वाचलं, दोनदा, शब्दकोश घेऊन. मग तो तीन संध्याकाळी बसला आणि त्याने माइंट्झच्या त्या कंपनीला जर्मनमध्ये पत्र लिहिलं. सूचना दिली होती, फीत होती, कागद होता, दोष माझा, माझ्या बायकोचा नाही. मैथिली म्हणाली मी तपासून देते. त्याने दिलं नाही. पत्र पाठवल्यावर नीताने त्याची प्रत वाचली.

"अकरा चुका आहेत," ती म्हणाली.

"मग?"

"काही नाही. कळतंय सगळं." आणि ती भाजी परतायला गेली.

कंपनीने त्या पत्राला उत्तर दिलं नाही, पण ऑगस्टअखेर नीताला पुन्हा बोलावलं. सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी मोसमातली शेवटची सहल होती. बसमध्ये श्रीधरला जागा नव्हती. त्याने मागितली नाही, आणि नीताने "यंदा नकोच" असं सांगून टाकलं होतं. पहाटे उठून त्याने चहा केला. पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी गाडीत घालून स्टेशनासमोर नेली. योखेन आरसे पुसत होता. त्याने श्रीधरचा हात हातात घेतला आणि भरभर काहीतरी म्हणाला. नीता मोठ्याने हसली.

श्रीधरला पुन्हा ते जुनं खुपलं. एरवी तो नुसतं हसून बाजूला झाला असता.

"वास?" त्याने विचारलं. काय म्हणालात?

योखेनने सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. खोक्यांबद्दल आणि त्याच्या स्वतःच्या पोटाबद्दल काहीतरी होतं. विनोद अगदीच सुमार होता.

"हे?" श्रीधर नीताकडे बघून मराठीत म्हणाला. "याला हसतेस तू?"

"दर वेळी असलंच असतं," नीता म्हणाली आणि बसमध्ये चढली. दार बंद झालं. पुढच्या जागेवरच्या कुणा आजींना ती वाकून पट्टा लावून देत होती. बस सिग्नलला वळली. श्रीधर मैथिलीसाठी ताजे पाव घ्यायला कोपऱ्यावरच्या बेकरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.